हात पोत्यात घालायचा

सायकलवरची बाई दिसली की माणसं आधी बाईकडं बघतात, मग सायकलकडं आणि मग परत बाईकडं, या खेपेला जरा डोळे बारीक करून. सास्तूरच्या भिमाबाईला या तिसऱ्या बघण्याची सवय व्हायला लोहारा ते तुळजापूर एवढा रस्ता पुरला. पुढं तिनंच उलटं लोकांकडं टक लावून बघायला सुरुवात केली, तेव्हा बऱ्याच पुरुषांना अचानक आपापली कामं आठवायला लागली.

साल त्र्याहत्तर, महिना चैत्राचा. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरींचे तळ उघडे पडलेले, आणि धडधाकट म्हणून जो कुणी होता तो दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. गावात मागं उरली होती पोरं आणि म्हातारी माणसं. रेशनवर परदेशातली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी खाऊन पोरांची पोटं नुसती फुगत. म्हणून मच्छिंद्र गुरुजींनी शाळेच्या ओसरीवर पोरांसाठी जोंधळ्याच्या कण्या शिजवायला सुरुवात केली. चूल भिमाबाईकडं दिली. पण चुलीवर चढवायला जोंधळा होता कुठं? गावातल्या कणग्या केव्हाच झाडून झाल्या होत्या. शेवटी गुरुजींनी ठरवलं की सायकली काढायच्या आणि थेट येरमाळ्यापर्यंत जायचं, वाटेतल्या घराघरातून एक मूठ जोंधळा मागायचा. एकच मूठ. पोतं मागितलं तर माणूस दार लावून घेतो, मूठ मागितली तर नाही म्हणायची त्याला लाज वाटते, असं गुरुजींचं म्हणणं.

सायकली होत्या दादामियाँच्या. गावात भाड्यानं सायकली देणारे ते एकटेच, आणि स्वभाव असा की सायकल गिऱ्हाइकाच्या हातात देताना लेक सासरी पाठवल्यासारखा चेहरा करायचे. या कामाला त्यांनी सायकली फुकट दिल्या, पण मी बरोबर येणार अशी अट घातली. माणसांवर त्यांचा भरोसा होता, माणसांच्या ब्रेक दाबण्यावर नव्हता. तिसरे होते शिवलिंगप्पा, तेलाचे दुकानदार. दुष्काळात सगळा मुलूख वाळला, हे तेवढे वाळले नाहीत. त्यांनी नाव दिलं तेव्हा दादामियाँनी सगळ्यात दणकट सायकल पुढं केली आणि तरीही दोनदा तिच्या चाकाकडं काळजीनं बघितलं. ओझं ओढायला तालमीतले दोघे गडी खडीच्या कामावरून बोलावून घेतले, असा हा जथा.

यात भिमाबाईला कुणी बोलावलं नव्हतं. पुरुष मंडळी पहिल्यांदा शेजारच्या गावात जाऊन आली ती रिकामी पोती घेऊन. भर दुपारी घरात बाया तेवढ्या, आणि दारात परके पुरुष. जिथं तिथं आतूनच उत्तर यायचं, मालक घरी न्हाईत. धान्याची कणगी बाईच्या हातात आणि मागणारे हे बाप्ये. तेव्हा कुठं गुरुजींच्या ध्यानात आलं की बरोबर एक बाई पाहिजे. भिमाबाईनं एस.टी.नं पुढच्या गावाला यावं, आम्ही सायकलीवरून येतो, असं त्यांनी सुचवलं.

"ह्या लोहाऱ्याच्या रस्त्याची खडी म्या फोडलीय, गुरुजी," भिमाबाई म्हणाली. "त्याच्यावरनं येष्टीत बसून कशापायी जाऊ?"

तिला सायकल येत होती. खडी फोडता फोडता जेवणाच्या सुट्टीत मुकादमाची सायकल घेऊन ती त्याच रस्त्यावर शिकली होती, आधी पडून आणि मग मुकादमाला पाडून. नऊवारीचा काष्टा घातला की दांडीच्या सायकलवर बसायला काही आडवं येत नाही. तिचा नवरा नळदुर्गाकडं कामावर होता. त्याला निरोप गेला तेव्हा त्यानं सांगितलं म्हणे, तिला न्हाई म्हणायचं तर तुमीच म्हणून बघा.

तर अशी ही सहाजणं निघाली. तांबडं फुटायच्या आत निघायचं, ऊन चढेपर्यंत पाय मारायचे, मग एखादं गाव धरून गल्लोगल्ली फिरायचं, आणि भरलेलं पोतं ओळखीच्या कंडक्टरकरवी एस.टी.च्या टपावरून सास्तूरला धाडायचं. बसून बसून सगळ्यांचीच कातडी सोलवटलेली. शिवलिंगप्पांनी तर सीटवर आधी एक टॉवेल बांधला, मग दुसरा, आणि येडशी येईपर्यंत त्यांची सायकल गादीच्या दुकानासारखी दिसायला लागली. वर बाभळीचे काटे. पंक्चर काढायला घमेलंभर पाणी लागतं, ट्यूब त्यात बुडवली की बुडबुड्यांवरून भोक सापडतं. पण त्या साली घमेलंभर पाणी मागायचं कुठल्या तोंडानं? दादामियाँ फुगवलेली ट्यूब गालाला लावून डोळे मिटून हळूहळू फिरवायचे, आणि जिथं वारं लागेल तिथं बोट ठेवायचे. तेवढा वेळ कुणी बोललं की त्यांना राग यायचा.

मुक्कामाला पुरुष चावडीत नाहीतर मारुतीच्या देवळात पथारी टाकायचे. भिमाबाई त्या गावच्या बौद्धवाड्यात जायची. तिथं तिला कुणी ओळखत नसायचं, तरी भाकरी आणि जागा मिळायची, आणि सकाळी निघताना पहिल्या मुठी पोत्यात पडायच्या त्या तिथल्याच. त्यामुळं नव्या पोत्याच्या तळाला कायम बौद्धवाड्यातला जोंधळा असायचा. हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्याबद्दल बोलत कुणी नव्हतं.

भिमाबाईचा स्वतःचा एक नियम होता. पदर पसरायचा नाही. मागणं पोरांसाठी होतं, तर घेणंही पोत्यात. या नियमामागं तिची गुलाबआत्या होती. आत्याला लहानपणीच जोगतीण म्हणून देवीला सोडलेलं. काखेत वेताची परडी घेऊन तिनं अर्धं आयुष्य दारोदार जोगवा मागितला. लोक तिच्या पाया पडायचे आणि तिच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत. पुढं घरानं दीक्षा घेतली, त्या दिवशी भिमाबाईच्या बापानं ती परडी चुलीत घातली. आत्या आधी रडली, मग खुरपं उचलून रानात गेली. राहिलेली सगळी वर्षं ती त्या खुरप्यावर जगली, आणि मरताना भाचीला बजावून गेली की उपाशी ऱ्हा, पर कुणाम्होरं पदर पसरू नको.

दुसरा नियम वाटेत झाला. लोहाऱ्याच्या पुढं एका घरी बाईनं उंबऱ्यात उभं राहून हात उंच धरला आणि वरूनच जोंधळा सोडला, शिवाशिव नको म्हणून. निम्मे दाणे मातीत गेले. भिमाबाई खाली बसली आणि तिनं एकेक दाणा वेचून, फुंकून पोत्यात टाकला. घरातली बाई वर उभी, ही खाली, आणि वेचणं काही संपेना. शेवटी त्या बाईलाच उभं राहणं जड झालं. तेव्हापासून भिमाबाई पोत्याचं तोंड उघडून पुढं धरायची आणि सांगायची, वरून टाकायचं न्हाई, हात पोत्यात घालायचा, आत मूठ उघडायची. दुष्काळात दाणा सांडायला नको, हे कारण ती सांगायची. दुसरंही कारण होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

तुळजापूरच्या घाटात तिची चप्पल तुटली. दुष्काळात तेरावा महिना. तिनं दोन्ही चपला हँडलला अडकवल्या आणि अनवाणी पायांनी पायडल मारायला लागली. हँडलची मूठ फुटलेली होती, तिच्यावर दादामियाँनी हाताला लागेल ती चिंधी गुंडाळली. ती निघाली पिवळी. आता बघा, चैत्र महिना, तोंड येरमाळ्याकडं, जिथं येडेश्वरीच्या यात्रेला माणसांचा पूर लोटतो. अनवाणी बाई, हँडलला हळदीच्या रंगाचं फडकं, आणि दारोदार एक मूठ मागते. येडशी ओलांडली तशी बायांनी जे समजायचं ते समजून घेतलं. पहिल्याच गावात एकीनं सायकलच्या हँडलला कुंकू लावलं, दुसरी भिमाबाईच्या पायाशी वाकली, आणि पोतं बघता बघता निम्मं भरलं. देवीची जोगतीण नवसानं सायकलवर निघालीय, ही बातमी पुढच्या गावी त्यांच्याआधी पोचली.

गावाबाहेर लिंबाखाली थांबले तेव्हा भिमाबाईनं आधी हँडल पुसलं. मग म्हणाली की आता पुढं प्रत्येक दारात मी आधी सांगणार, मी कोण आणि कशाला आले. त्यावर शिवलिंगप्पांनी कपाळाला हात लावला. देवीच्या नावानं का होईना, जातंय पोरांच्याच पोटात, असं ते म्हणाले. गुरुजी जरा घुटमळले. माणूस वाईट नव्हता. पण भरलेल्या पोत्यापुढं भल्या माणसाची जीभही वाकडी होते.

"खोटं बोला म्हणत न्हाय मी," गुरुजी म्हणाले. "नुसतं गप ऱ्हावा. एवढा एक टप्पा. ओसरीवर पोरं वाट बघत्यात, भिमाबाई."

तिथं ती अडकली. ओसरीवर जेवायला येणारी ईरम्माची धाकटी पोर तिला आठवली, जी थाळी चाटून झाल्यावर भांड्याकडं बघत बसायची, मागायची नाही. त्या पोरीपुढं आपली आन मोठी का, हे भिमाबाईला त्या लिंबाखाली ठरवता येईना. दादामियाँना विचारलं तर त्यांनी ट्यूब गालाला लावलेली. शेवटी तिनं मान हलवली आणि ती गप राहिली.

पुढचं गाव येरमाळ्याच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, ज्या घरात पुढचं घडलं त्या घरची नातवंडं आता चांगली वागतात असं ऐकतो. तिथं सोसायटीचे चेअरमन नानासाहेब यांनी जोगतिणीच्या स्वागताची तयारीच करून ठेवली होती. गल्लीत सडा नव्हता, कारण पाणी नव्हतं, पण रांगोळी होती. भिमाबाई सायकल हातानं ढकलत, तिच्यावरच्या पोत्याचं तोंड उघडं ठेवून गल्लीतून चालली. बाया येत, हात पोत्यात घालत, मूठ उघडत आणि तिच्या पायाला हात लावत. लोहाऱ्याकडं ज्यांनी हात वर धरला असता, त्याच जातीतल्या बाया इथं कोपरापर्यंत हात आत घालत होत्या. भिमाबाई कुणालाच काही बोलली नाही. तोंड उघडलं तर खरं बाहेर येईल म्हणून तिनं दात आवळून धरले होते. प्रत्येक मुठीसरशी तिला आत्या आठवत होती. आपल्या काखेत पुन्हा ती परडी आलीय, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

नानासाहेबांच्या दारात त्यांची आई उभी होती, बनाबाई. वाकलेली, कापरे हात. एका मुठीत जोंधळा घट्ट धरलेला आणि दुसऱ्या हातात तांब्या, काठोकाठ भरलेला. त्या गावात टँकर दिवसाआड यायचा आणि बाया घागरी लावून भांडायच्या. ती म्हातारी तांब्या घेऊन भिमाबाईच्या पायाशी खाली बसली. पाय धुणार होती. त्या पाण्याकडं बघितलं आणि भिमाबाईचे दात सुटले. तिनं पाय मागं घेतले आणि म्हातारीचा तांब्याचा हात वरच्या वर धरला.

"ऱ्हाऊ द्या, माय. म्या जोगतीण न्हाय. म्या सास्तूरची भिमाबाई, बौद्धाची. ह्यो जोगवा न्हाय, शाळंतल्या पोरांच्या कण्यांचा जोंधळा हाय. ते पाणी घरात ठिवा. माझ्या पायावर नगा वतू."

ज्या बाया पायाला हात लावून बाजूला उभ्या होत्या, त्या आता आपल्या हातांकडं बघत होत्या. शिवलिंगप्पांनी सायकल हळूच वळवून तोंड गावाबाहेर करून ठेवलं. नानासाहेब ओट्यावरून खाली आले.

"मंग गल्लीभर गप का हुतीस?" ते म्हणाले. "देवीच्या नावानं गाव फशीवलंस. घेतलेला दाणा न दाणा माघारी दे."

हे बोलणं भिमाबाईला लागलं, कारण त्यातलं अर्धं खरं होतं. तिनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी खाली बघत होते. मग तिनं पोतं सायकलवरून उतरवलं, गल्लीच्या मधोमध ठेवलं आणि त्याचं तोंड दोन्ही हातांनी फाकवलं.

"गप हुते, ती चूक माझी," ती म्हणाली, आवाज न चढवता, पण शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल असा. "घ्या माघारी. ज्याची त्यानं आपली मूठ वळखून काढून घ्यावी, दुसऱ्याचा दाणा येऊ देऊ नगा. तळाला बौद्धवाड्यातला जोंधळा हाय. त्याच्यावर ह्या दादामियाँच्या पावण्यांच्या घरचा. वर तुमचा. आन माझी सायकल लई हिसकं देती, तवा समदा कालवला आसंल."

नानासाहेबांनी बायकोला डोळ्यानं खूण केली. मथुराबाई पुढं आल्या, हात पोत्यात घातला आणि मूठ भरून वर काढली. मग ती मूठ घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आता हे दाणे कणगीत टाकायचे की रस्त्यावर, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कणगीत टाकावे तर सगळी कणगी बाटणार, रस्त्यावर टाकावे तर दुष्काळ. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. नवरा सायकलच्या चाकाकडं बघत होता. आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम देणाऱ्या माणसाला एका मुठीचं काय करायचं ते सुचेना, आणि हे सगळ्या गल्लीला दिसलं. मागं कुणीतरी बाई पदरात हसली.

तेवढ्यात बनाबाई उठली. तिची ती मूठ अजून मिटलेलीच होती. तांब्या तिनं उंबऱ्याशी ठेवला आणि भिंत धरत धरत पोत्यापाशी आली. नानासाहेब म्हणाले, आई, तू घरात जा. म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कणगी तुझी आसंल, नाना," ती म्हणाली. "मूठ माझी हाय."

तिनं हात पोत्यात घातला. नुसता वरवर नाही, चांगला कोपराच्या वरपर्यंत, तळातल्या जोंधळ्याला लागेल इतका खोल. आत तो हात जरा वेळ हलत राहिला. बाहेर आला तेव्हा बोटं उघडी होती आणि तळव्याला पिठूळ धूळ तेवढी लागलेली. तो हात तिनं लुगड्याला पुसला नाही. तसाच डोक्यावरचा पदर सारखा केला, तांब्या उचलला आणि आत गेली, कारण पाणी उघड्यावर ठेवण्यासारखं नव्हतं.

मथुराबाईंनी मग घाईघाईनं आपली मूठ पोत्यात रिकामी केली, एखाद्या तापलेल्या भांड्यावरून हात काढावा तशी. बाकीच्या बायांतल्या काही दारं लावून आत गेल्या, एकदोघी ज्या अजून आल्या नव्हत्या त्या आल्या आणि मूठ देऊन गेल्या. कुणीही माघारी काही नेलं नाही. नानासाहेब म्हणाले की या गावात तुम्हाला यापुढं पाणीसुद्धा मिळायचं नाही. त्यावर दादामियाँ, जे एवढा वेळ मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते, उठून धोतराची धूळ झटकत म्हणाले की हौ साहेब, पाण्याशिवाय पंक्चर काढायला आम्ही शिकलोय.

गावाबाहेर आल्यावर भिमाबाई थांबली आणि तिनं हँडलवरची पिवळी चिंधी सोडली. दादामियाँना चिंधी टाकून देणं मानवेना, त्यांनी ती खिशात घातली आणि स्वतःच्या रुमालाची पट्टी फाडून तिथं बांधली. शिवलिंगप्पांनी आपल्या सीटवरचा एक टॉवेल सोडून तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला. गुरुजी जवळ आले आणि माझं चुकलं म्हणायला लागले, तर तिनं त्यांना पोत्याचं तोंड बांधायला सुतळी आणायला पाठवलं. तिला त्या वेळी कुणाची माफी नको होती. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं, आणि ईरम्माच्या पोरीसमोर थाळी ठेवताना मान खाली घालावी लागणार नाही, हे तिला पक्कं कळलं होतं.

पुढचं गाव दिसायला लागलं. वेशीत गुरुजी नेहमीसारखे पुढं होऊन सायकलवरून उतरायला लागले, पण भिमाबाईनं त्यांना मागं टाकलं. अनवाणी पायानं पायडल मारत ती सरळ गल्लीत शिरली आणि घंटी वाजवत वरच्या आवाजात सांगत चालली की सास्तूरची भिमाबाई आलीय, बौद्धाची हाय, जोगतीण न्हाय, शाळंतल्या पोरांसाठी एक मूठ मागतीय, ज्याला द्यायची त्यानं द्यावी, हात पोत्यात घालायचा.

काही दारं धाडकन लागली. काही उघडली. पोतं भरायला आदल्या गावापेक्षा कितीतरी वेळ लागला, ऊन कलून गेलं, आणि पोतं भरलं.